एकही तक्रार नाही

त्या साप्ताहिकात सत्तावीस वर्षं काम करूनही मावशींचं नाव अंकात कधी छापून आलं नाही. संपादकांचं यायचं, मुद्रकाचं यायचं, वर्षातून एकदा सगळ्यात मोठा भोपळा पिकवणाऱ्याचंसुद्धा फोटोसकट यायचं. मावशींचं नाही. आणि तरी गावातल्या अर्ध्या घरांत जाऊन विचारलं, की हा पेपर कुणाचा, तर लोक सांगत, "मावशींचा." त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठे असलेले संपादकही त्यांना मावशीच म्हणत. त्यालाही इतकी वर्षं झाली होती, की त्यात काही विनोदी आहे हे कुणाच्या ध्यानातच येत नसे.

मावशींचं खातं पत्त्यांचं. कचेरीच्या मागच्या खोलीत, खिडकीखाली, बारा खणांचं एक लोखंडी कपाट होतं आणि त्यात दर वर्गणीदारामागे एक कार्ड. गुरुवारी दुपारी छापखान्यातून गठ्ठे आले की मावशी कार्डांवरून पत्त्यांच्या चिठ्ठ्या करायच्या, अंकाला कागदी पट्टी गुंडाळायच्या, वर चिठ्ठी डकवायच्या. लांबचे अंक टपालात, जवळचे स्वतःच्या पिशवीत. शुक्रवारी सकाळी ती पिशवी घेऊन चार गल्ल्या पायी पालथ्या घालायच्या आणि अकराच्या सुमारास कचेरीत येऊन टेकायच्या. टेकल्या की फोन वाजायला लागायचा.

"अंक आला नाही." "अंक भिजलाय." "शब्दकोड्यातलं आडवं सात चुकलंय. माझं काही म्हणणं नाही, पण सांगून ठेवते." दर शुक्रवारी असे तीस-पस्तीस फोन. मावशी सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या आणि ऐकलेलं त्या त्या कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात उतरवून ठेवायच्या. त्यामुळे कार्डाच्या वरच्या अर्ध्यात नाव, पत्ता आणि फोन असला, तरी माणूस खरा सापडायचा तो खालच्या अर्ध्यात. 'निवृत्त नर्सबाई. पेटीत टाकू नये, पेटीत चिमण्यांचं घरटं. कुंडीखाली ठेवणे.' 'कुत्रा भुंकतो, पण भित्रा आहे.' 'बेल वाजवू नये, बाळ झोपतं.' हे बाळ आता वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होतं, पण सूचना कायम होती, कारण ती रद्द करा असं कुणी कळवलं नव्हतं. आणि एका कार्डावर लाल शाईनं: 'दोन भाऊ, एक घर, दोन अंक. धाकट्याचा मागच्या दाराशी. एकाचं दुसऱ्याला विचारू नये.'

घरी मावशींचा नवरा. बायको मावशी म्हटल्यावर तो ओघानंच सगळ्यांचा काका झाला होता. काकांनी जन्मभर बस चालवली होती आणि निवृत्त झाल्यावरही ते अंतर थांब्यांतच मोजत. "दूधवाल्याचं दुकान? दोन थांबे." पेपरात ते फक्त 'हरवले-सापडले' वाचत. बसमध्ये लोकांनी विसरलेल्या छत्र्या त्यांनी इतक्या पाहिल्या होत्या, की मनुष्यजातीबद्दल त्यांना याहून जास्त काही जाणून घ्यायचं नव्हतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना छापखान्याच्या मालकाचे गुडघे गेले.

एरवी कुणाच्या गुडघ्यांची साप्ताहिकात चार ओळींपलीकडे दखल घेतली नसती. पण या मालकानं जाहीर केलं, की आठ आठवड्यांनी छापखाना बंद, यंत्र भंगारात, आणि आपण लेकीकडे. दुसरा छापखाना एवढ्या थोड्या प्रती काढायला तयार नव्हता. संपादकांनी मावशींना समोर बसवलं आणि चष्मा पुसायला घेतला. ते चष्मा पुसायला लागले की बातमी वाईट असते, हे मावशींना पाठ होतं.

"छोट्या पेपरांना मदत करणारी एक संस्था आहे," संपादक म्हणाले. "त्यांची एक बाई सोमवारी येतेय. अंक फोनवर काढायचा म्हणतात."

"काढू देत की."

"काढू देत. पण मी एक आकडा ठरवलाय. छापखाना बंद होईल त्या दिवशी पाचशे वाचक फोनवर आले असतील, तर पेपर चालू. नसतील तर मी घरी बसतो. बाराशे घरांत जाणारा पेपर पन्नास माणसांसाठी काढायचा म्हणजे मला लाज वाटेल."

"तुम्ही घरी बसाल. मी कुठे बसायचं?"

संपादकांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसला.

सोमवारी सल्लागारबाई आल्या. वय पस्तिशीच्या आत, पाठीवर शाळेच्या मुलीसारखं दप्तर, आणि चालणं असं की जिना संपला तरी पाय चढतच राहिलेत. आतापर्यंत अकरा पेपर त्यांनी कागदावरून फोनवर नेले होते.

"जगले किती?" मावशींनी चहा पुढे करत विचारलं.

"सात."

"आणि चार?"

"त्यांचं आधीच ठरलेलं होतं. मला नुसतं साक्षीला बोलावलं होतं."

मावशींना ही बाई तिथेच आवडली. पण आवडल्याचं लगेच दाखवायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्यांनी बिस्किटं दुसऱ्या दिवसावर ठेवली.

पहिले दोन आठवडे कार्डं संगणकात भरण्यात गेले. मावशी वाचायच्या, सल्लागारबाई टायपायच्या. नर्सबाईंच्या कार्डापाशी गाडी अडली.

"शेरा कुठे लिहिलास गं?"

"कसला शेरा?"

"चिमण्यांचा."

"मावशी, फोनवरच्या अंकाला पेटीच लागत नाही. चिमण्यांचं काय काम?"

"बरं. पुढचं घे. कुत्रा."

"कुत्राही नको."

मावशींनी पुढचं कार्ड काढलं. कुत्रा गेला त्याचं एवढं नव्हतं, पण इतक्या सहज गेला हे मनाला लागलं. बारा वर्षं त्यांनी त्याला घाबरल्यासारखं दाखवलं होतं, नाहीतर त्याचा हिरमोड व्हायचा. आणि या फॉर्ममध्ये जन्मतारखेला जागा होती, कुत्र्याला नव्हती.

"आणि हे बघा," सल्लागारबाई म्हणाल्या, "एकाच पत्त्यावर दोन नावं आली तर हा आपोआप एकच ठेवतो. घोळ राहत नाही."

मावशी तेव्हा चहा गाळत होत्या. "शहाणा आहे," एवढंच म्हणाल्या. पुढे या वाक्याचा त्यांना पश्चात्ताप झाला.

तिसऱ्या शुक्रवारी छापील अंक नेहमीसारखा गेलाच, शिवाय सगळ्यांच्या फोनवर एक संदेश गेला. 'आपला अंक आता आपल्या फोनवर. सोबतची लिंक उघडा आणि नाव नोंदवा.' लोकांना आधी कल्पना असावी म्हणून संपादकांनी पहिल्या पानावर तसं ठळक निवेदनही दिलं होतं. मावशी सकाळची फेरी आटोपून फोनपाशी बसल्या. जवळ नवी वही, दोन पेनं. आज फोन फुटणार याची त्यांना खात्री होती.

फोन वाजला. एक अंक भिजलेला, दोन मिळाले नव्हते, आणि आडवं सात पुन्हा चुकलं होतं. छापील अंकाचे असे पस्तीस फोन झाले. फोनवरच्या अंकाबद्दल अवाक्षर नाही. संध्याकाळी सल्लागारबाई खुशीत आत आल्या.

"दोनशे बारा जणांनी नोंदणी केली. आणि मावशी, एकही तक्रार नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही. अकरा पेपरांत असं कधी झालं नव्हतं."

सत्तावीस वर्षांत या गावानं कुठलीही नवी गोष्ट तक्रारीशिवाय घरात घेतली नव्हती. शब्दकोडं पान चारवरून पान सहावर नेलं तेव्हा एक्केचाळीस फोन आले होते, आणि एक गृहस्थ तर स्वतः येऊन खुर्चीत बसून राहिले होते. आता सबंध पेपरच हातातून उचलून फोनमध्ये घातला आणि कुणाला काही वाटलं नाही?

"पोरी," त्या म्हणाल्या, "काहीतरी बिघडलंय."

पुढच्या शुक्रवारी आकडा दोनशे एकोणीसवर गेला आणि तिथेच ठाण मांडून बसला. चार आठवडे उरले होते. सल्लागारबाईंनी लिंकचा रंग बदलून पाहिला, वेळ बदलून पाहिली. मावशींनी त्यांच्या पद्धतीनं काम केलं. पहिला खण उघडला, नर्सबाईंचं कार्ड काढलं आणि फोन लावला.

"लिंक आली होती हो," नर्सबाई म्हणाल्या. "दोन्ही वेळा लगेच पुसून टाकली."

"पुसली कशाला?"

"कशाला म्हणजे? तुमच्याच पेपरात तर येतंय. तुमचं नाव वापरून पाठवतात मेले. मी शेजारपाजारच्या सगळ्यांना सावध केलं. मैत्रिणींच्या ग्रुपवरही टाकलं."

"अहो, पण ती आमचीच होती."

"असं तेही म्हणतात."

मावशींनी कोपऱ्यातल्या गठ्ठ्यातून त्या आठवड्याचा अंक ओढला. पहिल्या पानावर, अगदी वर, संपादकांचं निवेदन: 'आमच्याकडून लिंक येईल, ती उघडावी.' आणि त्याच्या बरोब्बर खाली जाड काळ्या चौकटीत, गेले अकरा आठवडे रोवून उभी असलेली संपादकांची मोहीम. गावातल्या एका पेन्शनरांना कुणीतरी फोनवरून गंडवल्यापासून त्यांनी ती चालवली होती. 'अनोळखी लिंक उघडू नका. ओळखीच्या नावानं आली तरी उघडू नका. आमच्या नावानं आली तरी नाही.'

कचेरीत ती चौकट रोज नजरेसमोर असल्यामुळे कुणाला दिसतच नव्हती. वाचकांना मात्र दिसत होती. अकरा आठवडे ठासून सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं, आणि एकदाच सांगितलेलं सोडून दिलं होतं.

"नर्सबाई, मी मावशीच बोलतेय ना?"

"आवाज तर तसाच आहे. पण हल्ली आवाजही काढतात म्हणे. थांबा. माझ्या पेटीत काय आहे सांगा."

"चिमण्या."

"आणि तुम्ही अंक कुठे ठेवता?"

"कुंडीखाली. मधल्या. डावीकडची फुटकी आहे."

"मग ठीक आहे. पाठवा पुन्हा, उघडते."

मावशी अंक घेऊन संपादकांच्या टेबलापाशी गेल्या आणि दोन्ही मजकुरांवर एकेक बोट ठेवून उभ्या राहिल्या. संपादकांनी वरचं वाचलं, खालचं वाचलं, मग पुन्हा वरचं.

"दोन्ही मीच लिहिलंय," ते म्हणाले.

"हो ना. अक्षरही सारखंच मोठं."

"म्हणजे ज्या दोनशे एकोणीस जणांनी लिंक उघडली—"

"ते आपला पेपर नीट वाचत नाहीत."

संपादक खुर्चीत मागे टेकले. तोट्याची बातमी असूनही त्यांच्या चेहऱ्यावर किंचित अभिमान पसरला. जवळपास हजार माणसं आपलं इतकं ऐकतात, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. घरी तर कुणीच ऐकत नसे.

सल्लागारबाईंनी तातडीनं तोड काढली. "सगळ्यांना आणखी एक संदेश पाठवू. 'हे खरंच आम्हीच आहोत.'"

"भामटे काय लिहितात?" मावशींनी विचारलं.

सल्लागारबाईंचं बोट बटणावर थांबलं. "हेच."

मावशींनी टेबलावर चिठ्ठ्यांचा कोरा गठ्ठा ठेवला. त्यांचा बेत साधा होता. छापील अंक अजून चार वेळा जाणार होता आणि त्यावर पत्त्याची चिठ्ठी त्यांच्याच हातची असणार होती. त्या चिठ्ठीवर त्या एक ओळ लिहिणार होत्या, आणि प्रत्येक घरी वेगळी.

"नऊशे ऐंशी चिठ्ठ्या? हातानं?" सल्लागारबाई म्हणाल्या. "मावशी, ओळख पटवायला मोठ्या कंपन्या फोनवर सहा आकडे पाठवतात."

"आपण कुत्रा पाठवू."

दुसऱ्या दिवसापासून मागच्या खोलीत सगळे कामाला जुंपले गेले. काकांना घरून बोलावून घेतलं. ते कार्डं वाचायच्या कामावर लागले आणि अर्ध्या तासात त्यांच्या घशात जुनी बस सुरू झाली. "पुढचा थांबा, भित्रा कुत्रा. उतरणाऱ्यांनी तयार राहा." मावशी लिहीत होत्या: 'फोनवरची लिंक आपलीच आहे, उघडा. तुमच्या कुत्र्याला घाबरणारी, मावशी.' 'लिंक उघडा. बेल न वाजवणारी, मावशी.' सल्लागारबाई कागदी पट्ट्यांवर डकवत होत्या. ज्या शेऱ्यांना फॉर्ममध्ये जागा मिळाली नव्हती, ते एकेक करून कपाटातून बाहेर येत होते आणि त्या बाईंना ते आता वाचावे लागत होते. एका चिठ्ठीपाशी त्या थांबल्या.

"'तुमच्या यजमानांच्या नावानं अजून अंक टाकणारी, मावशी.' हे काय?"

"ते गेले चौदा वर्षांपूर्वी. बाई म्हणाल्या, नाव राहू द्या. ठेवलं."

सल्लागारबाईंनी ती चिठ्ठी जरा जपून चिकटवली. बिस्किटं त्या दिवशी निघाली.

मावशींचं बोट चौथ्या दिवशी सुजलं. काकांनी स्वतः लिहायची तयारी दाखवली, तर मावशी म्हणाल्या, "तुमचं अक्षर पाहिलं तर लोक पोलिसांत जातील." संपादकांनी चौकट उतरवली आणि नवी लावली: 'चिठ्ठीवर मावशींनी हातानं लिहिलं असेल तरच लिंक उघडा.' सत्तावीस वर्षांनी मावशी अंकात आल्या. काकांनी ती चौकट दोनदा वाचली आणि म्हणाले, "पण हे तुझं नाव नाहीच."

"गावाला तरी कुठे ठाऊक आहे?" मावशी म्हणाल्या.

मग त्या शुक्रवारी लिंक पुन्हा गेली आणि अकरा वाजता फोन जो सुरू झाला तो थांबेना. अक्षरं बारीक आहेत. अक्षरं मोठी आहेत. निधनवार्ता शोधायला बोट दुखतं. फोनवर वाचताना हातात पेपर नसतो, मग माणसानं तोंड कशामागे लपवायचं. कुत्र्याच्या मालकाचा फोन आला, की कुत्रा तुम्हाला घाबरवतो हे आम्हाला माहीत नव्हतं, आम्ही त्याला बोललो. मावशींना त्या कुत्र्याची वकिली करताना दहा मिनिटं गेली. पण चेहरा असा खुलला होता, की सल्लागारबाई दारात उभ्या राहून नुसत्या पाहत होत्या.

दोन भावांतल्या धाकट्याचाही फोन आला. "चिठ्ठीवर लिहिलंय, लिंक उघडा. लिंक आलीच नाही."

सल्लागारबाईंनी शोधलं. पत्ता एक, म्हणून संगणकानं दोघांतला मोठा ठेवला होता आणि धाकट्याला पुसून टाकलं होतं. "मोठ्यांना सांगा ना, त्यांनी यांना पाठवली की झालं."

मावशींनी लाल शाईचं कार्ड पुढे केलं.

"किती वर्षं बोलत नाहीत?"

"एकोणीस. एका शिडीवरून. शिडी आता मोडलीसुद्धा."

सल्लागारबाईंनी कार्ड शेवटपर्यंत वाचलं. मग त्यांनी धाकट्यासाठी नवा पत्ता टाकला: घर तेच, मागचं दार. आणि कुणी न सांगता फॉर्मच्या तळाशी एक रिकामा रकाना वाढवला. त्याला नाव दिलं, शेरा.

आकडा चढत होता. तीनशे दहा, तीनशे नव्वद, चारशे पन्नास. ज्यांच्याकडे तसला फोनच नव्हता अशा साठ-पासष्ट घरांसाठी कचेरीतल्या प्रिंटरवर मोठ्या अक्षरांची पानं काढून द्यायची ठरलं, म्हणजे मावशींची पिशवी आणि दोन गल्ल्या शिल्लक राहिल्या. ती घरं संपादकांनी हिशेबात धरली नाहीत. पाचशे म्हणजे फोनवरचे पाचशे.

शेवटच्या गुरुवारी छापखान्याचा मालक शेवटचा गठ्ठा स्वतः घेऊन आला, काठी टेकत. शुक्रवारी संध्याकाळी सगळे संपादकांच्या टेबलाभोवती जमले. सल्लागारबाईंनी आकडा सांगितला.

"चारशे सत्त्याऐंशी."

संपादकांनी चष्मा काढला. रुमाल खिशातून निघतोय हे पाहून मावशींनी हातातली वही त्यांच्या पुढ्यात टाकली.

"हे काय?"

"आजच्या तक्रारी. खुणा केल्यात ती तेवीस माणसं वाचा."

संपादक वाचू लागले. लिंक उघडते, पण पुढे जात नाही. नाव लिहिलं, ते घेत नाही. नातवानं फोन बदलला. चारदा प्रयत्न केला, आता तुम्हीच या.

"यांना उघडता आलेलं नाही," मावशी म्हणाल्या. "पण आज दिवसभर मला भंडावून सोडलंय. यांना वाचक म्हणायचं की नाही, ते तुम्ही सांगा."

संपादकांनी मनातल्या मनात बेरीज केली, ओठ हलले तेवढ्यावरून ती सगळ्यांना कळली. मग त्यांनी वहीवरून बोट फिरवलं आणि एका नावापाशी थांबले. "आडवं सातवाल्या बाई यात आहेत?"

"पहिल्याच. शब्दकोडं दिसतं, पण भरता येत नाही म्हणाल्या."

"तक्रार न करणारा वाचक मी आजवर पाहिलेला नाही," संपादक म्हणाले आणि रुमाल परत खिशात गेला. "पुढच्या आठवड्याचं शब्दकोडं कुठे आहे? आणि मावशी, तुम्ही मागे विचारलं होतंत, कुठे बसायचं. फोनपाशी बसा. आणखी कुठे?"

सल्लागारबाई सोमवारी तेराव्या पेपराकडे गेल्या. जाताना त्यांनी मावशींना शेऱ्याचा रकाना उघडायला शिकवलं, आणि तिकडे पोचल्यावर पहिला प्रश्न विचारला तो असा, की तुमच्याकडे तक्रारी कोण ऐकून घेतं. हे त्यांनीच नंतर फोन करून सांगितलं. मावशींनी बरं केलंस म्हटलं आणि त्यांचा फोन आवरता घेतला, कारण शुक्रवार होता आणि दुसरा फोन येत होता.

धाकटा भाऊ होता.

"अंक मिळाला," तो म्हणाला. "पण त्याला दोन मिनिटं आधी मिळतो."

"तुम्हाला कसं कळलं?"

"भिंतीपलीकडे टुंग वाजतं. मग माझ्याकडे वाजतं. मी घड्याळ लावून पाहिलंय. तीन आठवडे."

मावशी म्हणाल्या, बघते. फोन ठेवला, चष्मा नाकावर सरकवला, शेऱ्याचा रकाना उघडला, आणि एकेक अक्षर शोधत, सुजून बऱ्या झालेल्या बोटानं लिहिलं: 'एक आठवडा मोठ्याला आधी, एक आठवडा धाकट्याला. एकाचं दुसऱ्याला सांगू नये.'